शिदोरीत चार शब्दही हवेत

परवाचीच गोष्ट. इंग्रजीचा तास संपत आला होता आणि सरांनी पुस्तक मिटून गप्पा सुरू केल्या. पुण्यात राहणारे त्यांचे एक नातेवाईक मे महिन्याच्या सुट्टीत स्पेन देशाची सहल करायला निघाले आहेत. नवरा, बायको आणि मुलगी अशी तिघे रोज संध्याकाळी तासभर बसून स्पॅनिश भाषेतली छोटी छोटी वाक्ये पाठ करतात. 'होला' म्हणजे नमस्कार, 'ग्रासियास' म्हणजे धन्यवाद, 'आग्वा' म्हणजे पाणी, 'क्वांतो' म्हणजे किती. सरांनी शब्द फळ्यावर लिहिले आणि वर्गातल्या आम्ही सर्वांनी ते मोठ्याने म्हणून पाहिले. खूप हशा झाला. सर म्हणाले, "परक्या मुलखात जाताना निदान पाणी मागता आले पाहिजे. ज्याच्या दारात जायचे त्याच्या भाषेतले चार शब्द तोंडात असावेत, ही साधी रीत आहे."

मीही हसले. पण रात्री वसतिगृहाच्या खोलीत झोप येईना. सरांचे ते वाक्य मनात घोळत राहिले. परमुलखाला जायची तयारी आमच्याही घरी दरवर्षी होते. दसरा झाला की सुरू होते आणि दिवाळीच्या मागेपुढे गाडी निघते. ती सुट्टी मात्र नसते. सहा महिन्यांचा हंगाम असतो. माझे आई-आप्पा ऊस तोडायला जातात.

आमचे गाव धारूरच्या डोंगरपट्ट्यात आहे. बालाघाटाच्या माथ्यावरची हलकी, मुरमाड जमीन आणि पावसाचा भरवसा नाही. खरिपाची बाजरी घरात आली न आली तोच मुकादम दारात येतो. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. बीड जिल्ह्यातून अशी लाखो माणसे दरवर्षी निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कुणी पुणे-साताऱ्याकडे, तर कुणी सरळ कर्नाटकात उतरते. आमची टोळी बहुतेक वर्षी कर्नाटकात जाते. कधी बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागकडे, कधी आणखी पुढे बागलकोट जिल्ह्यात जमखंडी-मुधोळकडे.

निघण्याच्या आधी आई काय काय बांधते ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. पाजवलेले कोयते, बाजरीचे पीठ, वर्षाचे तिखट, तवा, पातेली, गोधड्या, ताडपत्री, चिमणी, आणि टोपलीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या. काही विसरू नये म्हणून आई बोटांवर मोजते. या सगळ्या सामानात एक गोष्ट कधीच नसे, आणि ती नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. ज्या मुलखात सहा महिने राहायचे, त्या मुलखाचा एक शब्दही शिदोरीत नसे.

पुण्याचे कुटुंब दहा-पंधरा दिवसांसाठी परदेशी जाणार, हॉटेलात उतरणार. तिथे इंग्रजी समजणारे कुणीतरी भेटणारच. तरी ते चार शब्द शिकून जातात, आणि ते योग्यच करतात. पण ज्यांचे पोट, ज्यांची लेकरे आणि ज्यांचा जीव सहा महिने परक्या भाषेच्या हवाली असतो, त्यांना कुणी एक शब्द शिकवत नाही. माझे या लेखातले म्हणणे एवढेच आहे की हे चार शब्द म्हणजे सहलीला जाणाऱ्यांची हौस नव्हे. कामाला जाणाऱ्याच्या शिदोरीत ते भाकरीइतकेच गरजेचे आहेत. आणि ते बांधून देण्याचे काम आम्हा शिकणाऱ्या मुलामुलींचे आहे.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. मी सहा-सात वर्षांची असताना आईबरोबर फडात होते. धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता. मुधोळच्या बाजूला टोळी उतरून आठवडाही झाला नव्हता. आई वाढे बांधत होती आणि मी भावाला पाचटावर घेऊन बसले होते. बांधावरून शेताचे म्हातारे मालक चालले होते. एकाएकी ते थांबले आणि हात हलवून ओरडू लागले, "हावु! हावु!"

आईला ऐकू आले 'आव, आव'. आमच्याकडे बाजारात मुसलमान बाया दखनीत 'आव' म्हणतात, म्हणजे 'या'. आईला वाटले, मालक बोलावताहेत. तिने पटकन भावाला कडेवर घेतले, माझा हात धरला आणि ती त्यांच्याच दिशेने चालू लागली. म्हातारबाबा आणखी जोराने ओरडले. आई आणखी भराभर चालली. शेवटी ते बांधावरून खाली उडी टाकून आले, दोन्ही तळहात पुढे करून आम्हाला थांबवले आणि हातातली काठी जमिनीवर आपटली. आमच्यापुढच्याच सरीतून हातभर लांबीचे जनावर सळसळत उसात गेले.

कुणाला काही झाले नाही. पण म्हातारबाबांचे हात थरथरत होते आणि ते बराच वेळ काहीबाही बोलत राहिले. आई मान खाली घालून उभी होती. तिला वाटले, आपण वाढे जास्त बांधले म्हणून मालक रागावले. ज्याने आमचा जीव वाचवला त्याच्यापुढे ती चोरासारखी उभी राहिली, कारण त्याचा एकही शब्द तिला कळत नव्हता. संध्याकाळी टोळीतल्या एका जुन्या बाईने सांगितले, "अगं, हावु म्हंजी लांबडं." त्या रात्री कोपीसमोर चूल पेटवून आईने आम्हा सगळ्या पोरांना जवळ बसवले आणि पन्नास वेळा म्हणवून घेतले, हावु म्हणजे साप, हावु म्हणजे साप. आमच्या घराण्यातला परभाषेचा तो पहिला धडा.

पुढच्या वर्षांत आईची फजिती होत गेली आणि तिची भाषाही वाढत गेली. एकदा पाण्याचा हंडा घेऊन ती एका वस्तीवर गेली. "हितं पाणी हाय का?" म्हणून खुणेने विचारले. दारातली बाई म्हणाली, "हौदु, हौदु." कानडीत 'हौदु' म्हणजे 'होय'. आई आपली वस्तीभर हौद शोधत फिरली! दुसऱ्या एकीला तिने तीळ-गूळ देऊ केला तर ती संकोचून म्हणाली, "बेड, बेड." 'बेड' म्हणजे 'नको'. आईला वाटले, ही आपले गाव विचारते आहे. ती आनंदाने म्हणाली, "व्हय बाई, बीडच! तुमाला कसं कळलं?" आप्पांना 'एष्टु' हा शब्द काही केल्या लक्षात राहीना. एष्टु म्हणजे किती. तेव्हा आईनेच युक्ती काढली, "आपली यष्टी हाय ना, तिला यष्टु म्हना. यष्टीचं तिकीट किती, ध्यानात ठिवा." तेव्हापासून आप्पा किराणा दुकानात अडले नाहीत.

या गोष्टी आता आम्ही हसत सांगतो. पण त्या वेळी हसू येत नसते. भाषा न येणारा मोठा माणूस लोकांना भोळा वाटत नाही, मूर्ख वाटतो. आमची आई गावात चार बायांना सल्ला देणारी, भांडण मिटवणारी, ओव्या रचणारी बाई आहे. सीमा ओलांडली की तीच बाई मुकी होते. मुकादम सांगेल तोच हिशोब आणि मुकादम सांगेल तेच दुखणे. एकदा रात्री तिच्या पोटात भयंकर कळा येत होत्या. दवाखान्यात नेले तेव्हा तिचे दुखणे टोळीतल्या एका पुरुषाने डॉक्टरांना सांगितले, कारण मोडकी कानडी त्यालाच येत होती. बाईमाणसाचे दुखणे परक्या पुरुषाच्या तोंडून किती सांगितले जाणार? निम्मे तर तिने त्यालाच सांगितले नसेल. 'होट्टे नोवु', म्हणजे पोट दुखते. दोनच शब्द आहेत. ते तिला येत असते तर बोट ठेवून पुढचे तिचे तिने सांगितले असते.

मी तिसरीपासून आजीजवळ राहिले म्हणून शाळा सुटली नाही, आणि आज आमच्या घराण्यातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली व्यक्ती मी आहे. याचा मला अभिमान होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा सहज आईला म्हटले, "आई, तुला कानडीतलं काय काय येतं ते सांग बरं." मी वही घेऊन बसले. ती भाकरी थापता थापता सांगत गेली आणि मी लिहीत गेले. नीरु म्हणजे पाणी. ऊट म्हणजे जेवण. कब्बु म्हणजे ऊस. बेंकी म्हणजे आग, कारण पाचटाच्या कोप्या पेटतात. चेळु म्हणजे विंचू. ज्वर म्हणजे आपला ताप. तो तर आपल्याच पुस्तकातला शब्द. एल्ली म्हणजे कुठे. निल्लु म्हणजे थांब. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु असे दहापर्यंत आकडे. भाकरी संपल्या तेव्हा वहीत साठांहून अधिक शब्द झाले होते. शिरगणतीच्या कागदावर जिच्यापुढे 'निरक्षर' लिहिले जाते, त्या माझ्या आईला दोन भाषा येतात. मी मात्र इंग्रजीचे निबंध पाठ करून परीक्षा देते आणि इंग्रजीत पाणी मागायची वेळ आली तर घाबरते. त्या दिवशी शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, हे मला कळले.

आईच्या यादीत आणि विकतच्या पुस्तकांत एक फरक मला दिसला. 'तीस दिवसांत अमुक भाषा' अशी पुस्तके बसस्थानकावर मिळतात. त्यांत पहिल्या पानावर 'आपण कसे आहात' असते आणि पुढे हॉटेल, हवामान, स्टेशन येते. आईने सगळ्यात आधी सांगितला साप. मग पाणी, मग पोटदुखी, मग 'किती'. आणि नंतर आवाज खाली करून तिने आणखी एक शब्द सांगितला, "मुट्टबेड." मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "हात लावू नको. तरण्या पोरींला हा आधी शिकवावा." मी तो लिहून घेतला. कोणत्या शब्दाला पहिला मान द्यायचा, हे ज्याच्यावर प्रसंग येतो त्यालाच ठाऊक असते. म्हणून अशी यादी कुणा पंडिताने खोलीत बसून करू नये. फडातून परतलेल्या बायांना विचारून करावी.

शब्दांनी काय साधते, तेही आईनेच सांगितले. एका वस्तीवरच्या हापशावर आमच्या टोळीच्या बायांचा नंबर नेहमी शेवटी लागे. 'ए कोयता' म्हणून हाक येई. आमच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसे मोजायची तीही हत्याराच्या नावाने! एक दिवस आईने धीर केला आणि तिथल्या बाईला म्हणाली, "अक्का, नीरु कोड्री." अक्का, पाणी द्या. तिकडे शब्दाच्या शेवटी 'री' लावले की आपल्या 'हो'सारखा, 'जी'सारखा मान होतो, हे तिने ऐकून ऐकून हेरले होते. ती बाई आधी चकित झाली, मग हसली आणि बाजूला सरली. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून विचारले, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झाले का? आई म्हणते, "तवापासून मी कोयता न्हाई ऱ्हायले, अक्का झाले." पाणी तर खुणेनेही मिळाले असते. पण 'जेवलीस का' हा प्रश्न खुणेने मिळत नाही.

आता यावर काही मित्र-मैत्रिणींनी घेतलेल्या हरकतींचा विचार केला पाहिजे.

पहिली हरकत मोबाइलची. आज फोनवर बोलले की तो दुसऱ्या भाषेत करून सांगतो, मग शब्द कशाला पाठ करायचे? ज्याच्याजवळ तसा फोन आहे, फोनला रेंज आहे आणि कोपीत वीज आहे, त्याने तो जरूर वापरावा. पण बांधावरून कुणी 'हावु' म्हणून ओरडले तर फोन काढायचा कधी? आणि फोनवरून बोलताना समोरचा माणूस फोनकडे पाहतो, आपल्याकडे नाही. 'अक्का' हा शब्द माणसाच्याच तोंडून यावा लागतो.

दुसरी हरकत अर्धवट ज्ञानाची. चार शब्दांनी प्रश्न विचारता येईल, पण उत्तर भराभर आले तर ते कळणार कसे? हे खरे आहे. आईही हेच म्हणाली. म्हणून तिच्या यादीत 'सावकाश हेळ्री' असे आहे, सावकाश सांगा. 'सावकाश' हा शब्द कानडीतही चालतो, हे कळले तेव्हा मला मोठा आनंद झाला. शिवाय आकडे बोटांवर दाखवता येतात आणि वाट हाताने दाखवता येते. अर्धी भाकरी पोट भरत नाही म्हणून कुणी ती फेकून देत नाही.

तिसरी हरकत जरा नाजूक आहे. एक मित्र म्हणाला, "सीमाभागातल्या मराठी माणसांवर कानडीची सक्ती होते आणि तू आम्हाला कानडी शिकायला सांगतेस?" सीमाप्रश्नाचे दुःख खरे आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून तो लोंबकळतो आहे. 1966 साली महाजन आयोग नेमला गेला, त्याने समाधान झाले नाही, आणि 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो न्याय जेव्हा व्हायचा तेव्हा होवो. पण सक्तीने शिकणे निराळे आणि गरजेने, आपखुशीने शिकणे निराळे. माझ्या आईची तहान न्यायालयाच्या तारखेची वाट पाहू शकत नाही.

आणि कानडी आपल्याला खरोखर किती परकी आहे? वर्गात शिकलेल्या आणि ग्रंथालयात वाचलेल्या काही गोष्टी मी आईच्या वहीशेजारी ठेवून पाहिल्या. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा नृपतुंग अमोघवर्षाच्या काळात, 'कविराजमार्ग' नावाचा कानडी ग्रंथ झाला. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. गोदावरी म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याची उत्तर सीमा! म्हणजे त्या ग्रंथाच्या हिशोबाने आपण सगळे कन्नड देशातच बसलो आहोत. त्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, ज्यांना मराठीचे आद्यकवी मानतात त्या मुकुंदराजांची समाधी आहे. उलट मराठीतला एक अत्यंत जुना शिलालेख आहे तो कर्नाटकात, श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी. पंढरीच्या विठ्ठलाला आपल्या संतांनी 'कानडा' म्हटले ते सर्वांना माहीतच आहे. निजामाच्या राज्यात तर मराठवाडा आणि गुलबर्गा-बिदर-रायचूरचा कानडी भाग एकाच छताखाली होते. 17 सप्टेंबर 1948 ला दोघेही एकाच दिवशी मुक्त झाले आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात बरोबर राहिले.

घरातले शब्द पाहा. तूप, अडकित्ता, खलबत्ता, अण्णा, अक्का हे शब्द कानडीतून आपल्याकडे आले असे भाषेचे अभ्यासक सांगतात. आपण वडिलांना आप्पा म्हणतो, ते अप्पा म्हणतात. आपल्याकडे आज्जा, तिकडे अज्जा. आपल्याकडे आजी, तिकडे अज्जी. आपली आत्या, त्यांची अत्ते. ज्या म्हाताऱ्याने आम्हाला सापापासून वाचवले त्याला आई नुसते 'आज्जा' म्हणाली असती, तरी त्याला ते कळले असते. ओळख होती, पण ती आहे हे सांगणारा कुणी नव्हता.

थोरामोठ्यांनी हे अंतर केव्हाच ओलांडले आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण ते कन्नडचे महाकवी झाले आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. भीमसेन जोशी गदगच्या कानडी मुलखातले. त्यांच्या तोंडून मराठी अभंग ऐकताना कुणाला ते परके वाटले? कन्नडला अभिजात भाषेचा दर्जा 2008 साली मिळाला, मराठीला 2024 साली. दोन्ही भाषा अभिजात ठरल्या याचा आनंद सभागृहांत साजरा झाला. तो आनंद फडातही पोचला पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

मग करायचे काय? मोठ्या योजना सुचवण्याचा माझा अधिकार नाही. ऊसतोड कामगारांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाच्या योजना आहेत. त्यांनी हंगामापूर्वी दोन दिवसांचा भाषावर्ग घेतला तर उत्तमच. पण आपल्या हातात आहे ते आपण आधी करू. आपल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. आपण रस्ते झाडतो, भिंतींवर घोषणा रंगवतो. यंदा दसऱ्याच्या आधी एकेका गावात जाऊन फडातून आलेल्या जुन्या बायांना आणि नव्याने जाणाऱ्यांना एकत्र बसवू. जुन्यांनी सांगायचे, नव्यांनी म्हणायचे. आपण फक्त लिहून घ्यायचे आणि कानडी जाणणाऱ्या कुणाकडून तपासून घ्यायचे. या वर्गात बसलेल्या कितीतरी जणांचे आईवडील ऊस तोडतात. आपण ते फॉर्मवर 'शेती' असे लिहितो आणि मैत्रिणींत सांगत नाही. मीही पहिले वर्षभर सांगितले नाही. आज या अंकात सांगते आहे. आपल्या घरातल्या ज्या अनुभवाची आपल्याला लाज वाटते, तोच आपला सगळ्यात मोठा ग्रंथ आहे.

यात माझी एक चूक झाली तीही सांगते. मी हौसेने आईचे शब्द देवनागरीत सुवाच्य अक्षरात लिहिले, वहीला कव्हर घातले आणि निघताना तिच्या हातात दिले. तिने वही उलटीसुलटी पाहिली आणि हसून म्हणाली, "बाळे, मला वाचता येत असतं तर मी कोयता कशाला धरला असता?" मी शरमले. ज्यांच्यासाठी हे काम करायचे त्यांना वही नको, तोंडी पाठ हवा, ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. जात्यावरच्या ओव्या कुणी वहीतून शिकले नव्हते. तेव्हा आपला वर्ग तोंडी असावा, गाण्यासारखा घोळवून म्हणण्याचा असावा. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना आवाज भरून द्यावा. मी मग तसेच केले. आईचाच आवाज भरून घेतला आणि टोळीतल्या तिघींच्या फोनवर पाठवला.

यंदा आमच्या शेजारच्या घरातली नवी सून पहिल्यांदाच टोळीबरोबर जाणार होती. वय माझ्याएवढेच. ती दहावी झालेली आहे; आणि मी कॉलेजात आहे, एवढाच आमच्यात फरक. गाडी निघायच्या आदल्या रात्री आईने तिला आमच्या ओट्यावर बसवले. चिमणी मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला ती. मी दारात उभी होते. आई म्हणाली, "म्हन, हावु." ती लाजली, पदर तोंडाशी धरून हसली. आई हसली नाही. तिने तिचा पदर बाजूला केला आणि पुन्हा म्हणाली, "मोठ्यानं म्हन. हावु."

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष